नमुना चार

पिवळ्या जाकिटातला एक माणूस
मंगळवारी, बुटांच्या बंद दुकानामागच्या पटांगणात
तिपाईवर यंत्र लावून एक डोळा मिटून उभा होता.
एवढंच. बाकी सगळं गावाने केलं.

चार वाजेपर्यंत तो बेकरीवाल्यांचा झाला,
डेट्रॉइटच्या, ज्यांच्या डोनटमध्ये खरी मलई असते.
पाच वाजता पंपावर वेन लेहटोला म्हणाला,
बेकरी कसली, हार्डवेअर. मेव्हण्याने ट्रक पाहिलाय.
ट्रकवर काय लिहिलं होतं?
काहीच नाही. म्हणून तर.

मी नगरपालिकेत बसते, खिडकी क्रमांक दोन.
कुत्र्यांचे परवाने, पाण्याची बिलं, दफनभूमीतल्या जागा,
आणि डावीकडच्या ड्रॉवरमध्ये
नवीन व्यवसायासाठीचा अर्ज, नमुना चार.
कोऱ्या गठ्ठ्याच्या कडा चहासारख्या झाल्यात.
लोक बिल भरतात, पावती घेतात, आणि हलत नाहीत.
"तुला तर माहीत असणार, आर्डिस."
मला माहीत नसतं, तसं मी सांगते.
ते डोळा मारतात,
आणि रात्रीपर्यंत माझ्याच नावावर कंडी पिकते:
आर्डिस बोलत नाही, म्हणजे सह्या झाल्या.

तांब्याची खाण मिटली त्याला एकतीस हिवाळे झाले.
तेव्हापासून इथे आलं काय?
बर्फ. एक डॉलर-दुकान.
दर चार वर्षांनी हात हलवणारा एक उमेदवार.
आणि हो, एक चिनी खानावळ,
ती दीड वर्षं चालली, फक्त तोंडातोंडांत.
हिल्माला तिथलं सूप खारट वाटायचं.
चर्चमध्ये दोन बायका पार्किंगवरून भांडल्या.
बाजारात तुरी, म्हणतात तसं;
इथे तर बाजारही नव्हता.

हसायचं ते इथवरच.
कारण गुरुवारी बातमी मोठी झाली.
बॅटरीचा कारखाना. दोनशे माणसं. दवाखान्याचा विमा.
आणि रेमंड कोस्कीने
अंगणातली 'घर विकणे आहे' ही पाटी उपटली,
खांबाची माती झटकली,
आणि गॅरेजात भिंतीकडे तोंड करून उभी केली.
त्याचा मुलगा विस्कॉन्सिनला निघाला होता.
त्याने बॅग उघडली.

पिवळ्या जाकिटातला माणूस माझ्याच खिडकीशी आला होता,
त्याच मंगळवारी, सकाळी.
गटाराच्या जुन्या पाइपांचा नकाशा मागत होता.
वसंतात बर्फ वितळलं की पटांगणात पाणी साचतं,
त्याचा उतार मोजायचा होता. बस.
मी नकाशा दिला, दोन डॉलर घेतले.
आणि कोणालाच सांगितलं नाही.
का, ते मी मलाही नीट सांगू शकत नाही.
लोक रांगेत जरा ताठ उभे राहत होते,
हे एक कारण.
रेमंडच्या पाटीचं कळलं, तेव्हा उशीर झाला होता,
असं मी म्हणते. झाला नव्हता.

शुक्रवारी बंद व्हायच्या वेळी
तुओमेलाची धाकटी आली, एकोणीस वर्षांची, नाक लाल,
म्हणाली, नमुना चार आहे का.
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.
व्यवसाय: स्केटना धार लावणे.
जागा: आजोबांचं गॅरेज.
कामगार: एक. उन्हाळ्यात शून्य.
फी तिने नाण्यांत मोजली, पंचवीस डॉलर.
शिक्क्याची शाई वाळली होती.
मी उशीवर थुंकी लावली.

जाताना पंपावर थांबले. वेन होताच.
मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, ऐकलंस का?
आणि सांगितलं.
"कोण म्हणतं?"
मी म्हणते.
त्याने कॉफीचं झाकण दाबून बसवलं.
"छे," म्हणाला, "काहीतरी अफवा असेल."

मग मी गाडी वळवली
कोस्कीच्या घराकडे. खिडकीत उजेड होता.
इंजिन चालूच ठेवून किती वेळ बसले.
रस्त्याच्या टोकाला, तुओमेलांच्या गॅरेजात,
दाराखालच्या फटीतून
ठिणग्या बर्फावर येऊन विझत होत्या.